अकरा नंबरची अंगाई

"अकरा नंबरला अंगाई गायची का गं?"

"गाऊ या की. पण डॉक्टरांनी आधी सूर लिहून द्यायला हवा!"

रात्री अडीचला नर्सिंग स्टेशनवरचं हे खिदळणं ऐकलं आणि माझं डोकंच सटकलं. कारण अकरा नंबर म्हणजे आमचे बाबा. खुब्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला 'अरे' केलं नाही, ते सलाइन उपटून सिस्टरना शिव्या घालत होते. मधूनच, "तिकीट काढलंस का?" एसटीत कंडक्टर होते ना!

तावातावाने गेलो. "हसताय काय?"

थोरल्या सिस्टरने बाही वर केली. दंडावर दातांचे ताजे ठसे. "काकांचेच आहेत. कवळी नाही, ओरिजिनल! रडू का मग, दादा? बावीस पेशंट, आम्ही दोघी. रडायला तिसरी लागेल."

आपली बोलती बंद.

अंगाई म्हणजे हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन, हे मग कळलं. आणि बाबांना वेडबिड लागलं नव्हतं, तो डिलिरियम होता. खुब्याच्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांत बऱ्याचदा होतो. वेदना, इन्फेक्शन, तुंबलेली लघवी, मोडलेली झोप, कुठलंही निमित्त पुरतं. इंजेक्शनने माणूस गप्प होतो, डिलिरियम बरा होत नाही. म्हणून ते अगदी शेवटी, तेही कमीत कमी डोसमध्ये. (मला वाटायचं, टोचलं की सिस्टर मोकळ्या!)

"काकांचा चष्मा कुठंय? कानातलं मशीन?"

माझ्या सॅकमध्ये. हरवू नये म्हणून मीच काढून ठेवलेलं. दोन दिवस. म्हणजे बाबांना ना धड दिसत होतं, ना ऐकू येत होतं, आणि अंधारात अनोळखी बायका येऊन हात धरत होत्या. मीही चावलो असतो.

मशीन लावलं, चष्मा चढवला, दिवा लावला. चावा घेतलेलीच सिस्टर कानाशी वाकली. "काका, ऑपरेशन झालंय. हॉस्पिटलात आहात. हा बघा मुलगा आलाय."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सुट्टे आहेत का?"

धाकटी सिस्टर भिंतीकडे तोंड करून हसायला लागली. मग मीही. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

पहाटे चारला बाबांना डोळा लागला, इंजेक्शनशिवाय. मी चहाचे तीन कप घेऊन गेलो आणि सहज म्हणालो, "आता कसं, अगदी शांत आहे."

दोघी किंचाळल्याच. "दादा! ड्यूटीवर तो शब्द उच्चारायचा नसतो!"

तेवढ्यात चौदा नंबरच्या कॉटवरून स्टीलचा तांब्या खाली आला.