मुंबई-दिल्ली : अंतर तेवढेच, वेळ मात्र जास्त!

मुंबई, प्रतिनिधी

मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांमधील अंतर सरळ रेषेत सुमारे ११५० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणाऱ्या जेट विमानाला ते कापण्यास जेमतेम दीड तास पुरतो. चढण-उतरण आणि हवाईमार्गाची वळणे धरली, तरी हिशेब पावणेदोन तासांच्या घरात बसतो. वेळापत्रकात मात्र याच प्रवासाला सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दाखविला जातो.

या तफावतीचे एक कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा सारा काळ वेळापत्रकात धरला जातो. धावपट्टीपर्यंतची वाट, उड्डाणाची रांग आणि आकाशातील घिरट्या त्यातच आल्या. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांपर्यंत आलेले विमान 'वेळेवर' मानले जाते. त्यामुळे विलंबाची तजवीज आधीच वेळापत्रकात करून ठेवणे कंपन्यांना सोयीचे ठरते. प्रवासी 'वेळेवर' पोहोचतो. पण त्याचा वेळ वाचत नाही.

दुसरे कारण मुंबईच्या भूगोलात आहे. दिल्लीत २०२३ पासून चार धावपट्ट्या आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन आहेत. पण त्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते. चहूबाजूंनी वस्तीने वेढलेल्या या विमानतळाला विस्तारास जागा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत असल्याचे मान्य केले. अशा ४० मिनिटांत सुमारे पावणेदोन लाख रुपयांचे इंधन जळते, असाही हिशेब मंत्रालयाने मांडला. गर्दीच्या काळातील विमानांची ये-जा ताशी ४६ वरून ४४ वर आणण्याचे आदेशही निघाले.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाल्याने हा ताण हलका होईल, अशी अपेक्षा आहे. ती रास्त असली, तरी तिला मर्यादा आहेत. दोन्ही विमानतळ एकाच महानगराच्या आकाशात आहेत. तेव्हा उतरणाऱ्या विमानांचे नियोजन परस्परांना सांभाळूनच करावे लागणार. शिवाय जुन्या विमानतळावर मोकळ्या होणाऱ्या वेळा नव्या उड्डाणांनीच भरून काढल्या, तर घिरट्या संपणार नाहीत.

पनवेलच्या प्रवाशाचा अंधेरीपर्यंतचा फेरा नव्या विमानतळामुळे वाचेल; बोरिवलीकराला मात्र तेथे गाठण्यासाठी अख्खे शहर ओलांडावे लागेल. दोन विमानतळांमधील अंतर बदलणार नाही. बदलू शकतो तो वेळ, आणि त्यासाठी नव्या धावपट्टीइतकीच गरज आहे ती मोकळी झालेली जागा काही काळ मोकळी ठेवण्याच्या संयमाची.