समुद्र न पाहिलेल्यांनी समुद्राचे भाकीत करावे काय?

१३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे एक तीव्र क्षेत्र आंध्र प्रदेशात काकीनाडा शहराजवळ जमिनीवर आले. त्या रात्री हैदराबादच्या वस्त्यांत पाणी शिरले. दुसऱ्या दिवशी सोलापूर, पंढरपूर आणि आपला धाराशिव जिल्हा (तेव्हाचा उस्मानाबाद) यांच्यावर पावसाने असा मारा केला की काढणीला आलेले सोयाबीन शेतातच भिजून गेले. मग ही स्वारी पश्चिमेकडे सरकत अरबी समुद्रात उतरली. नकाशा उघडून पाहा. हैदराबादहून अणदूर-नळदुर्गमार्गे सोलापूरला जाणारा महामार्ग आणि त्या वादळी क्षेत्राची वाट यांत फारसे अंतर तुम्हांला दिसणार नाही.

कोकणचा किनारा अणदूरपासून तीनशे किलोमीटर दूर आहे. तेव्हा समुद्र आपल्याकडे येतो, आपण मात्र त्याच्याकडे जात नाही. नौदलातील हवामान-अधिकारी किंवा सागरी अंदाज वर्तविणारा शास्त्रज्ञ होण्याचा विचार करा, असे वर्गात सुचविले की मुले हसतात. "सर, आम्ही समुद्रच पाहिलेला नाही!" हे उत्तर ठरलेले. ह्या उत्तरात काही तथ्य आहे काय, ते आज आपण तपासू. माझे मत आधीच सांगून टाकतो. तथ्य मुळीच नाही.

पहिला पुरावा ह्याच महामार्गावर आहे. अणदूरहून सुमारे अडीचशे किलोमीटरवर हैदराबाद. तेथे समुद्र नाही, बंदर नाही, भरती-ओहोटीही नाही. पण भारताच्या सभोवतालच्या समुद्रात उद्या लाटा किती उंच असतील, प्रवाह कोठे वाहतील, मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, हे सांगणारी भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था १९९९ पासून तेथेच आहे. त्सुनामीचा इशाराही २००७ पासून तेथूनच दिला जातो. समुद्रात सोडलेले आर्गो तरंगक दोन हजार मीटर खोल बुडी मारतात आणि साधारण दहा दिवसांनी वर येऊन तापमान व क्षारता यांची नोंद उपग्रहामार्फत धाडतात. ती नोंद वाचणाऱ्याचे पाय वाळूत आहेत की डांबरी रस्त्यावर, याच्याशी तरंगकाला काय कर्तव्य?

दुसरा पुरावा माणसाचा आहे. वॉल्टर मंक १९१७ साली व्हिएन्नात जन्मले. त्या शहरालाही समुद्र नाही. घरच्यांनी त्यांना बँकेचा व्यवसाय शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पाठविले, पण त्यांचे मन त्यात रमले नाही. ते कॅलिफोर्नियात भौतिकशास्त्र शिकले आणि हाराल्ड स्वेरड्रुप या नॉर्वेजियन सागरशास्त्रज्ञाच्या हाताखाली गेले. १९४२ मध्ये दोस्त राष्ट्रे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याच्या तयारीत होती. पंचविशीतल्या मंक यांच्या लक्षात एक गोष्ट आली. अमेरिकेत सराव चालू असताना लाटा पाच फुटांपेक्षा उंच झाल्या की नावा उलटतात म्हणून सराव थांबवीत. आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यावर तर हिवाळ्यात लाटा बहुधा त्याहून उंचच असतात! वरिष्ठांना वाटले, ह्याचा विचार कोणीतरी केलाच असेल. मंक यांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. स्वेरड्रुप यांच्यासह त्यांनी लाटांच्या अंदाजाची रीत बसविली. वारा किती वेगाने, किती वेळ आणि पाण्याच्या किती लांबीवरून वाहिला, ह्या तीन राशींवरून लाटेची उंची काढायची. वादळापासून दूर जाताना ती किती उतरेल आणि उथळ किनाऱ्याशी आल्यावर तिचे काय होईल, ते मग ठरवायचे. सुमारे दोनशे सैनिकी अधिकारी ही रीत शिकले. १९४४ च्या जूनमधील नॉर्मंडीच्या स्वारीत तिचा उपयोग झाला. ह्या कामाला लागणारी मूळ सामग्री म्हणजे नववी-दहावीचे भौतिकशास्त्र, पुढचे गणित, आणि 'कोणीतरी विचार केलाच असेल' ह्या वाक्यावर विश्वास न ठेवण्याची सवय.

तुम्ही पाठ्यपुस्तकात प्रकाशाचे अपवर्तन शिकता. काचेची चीप, टाचण्या, आपाती कोन. परीक्षा झाली की विसरता. आता ते समुद्रात नेऊ. ध्वनीचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर असतो. पाणी तापले की तो आणखी वाढतो. एका अंशाला सुमारे तीन मीटर. फरक क्षुल्लक वाटतो ना? १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाला क्यूबाजवळ सराव करताना एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. सकाळी सोनार यंत्राला पाणबुडी दूरवरून सापडे आणि दुपारी तीच पाणबुडी जवळ असूनही सापडत नसे. जेवणानंतर नाविक सुस्तावतात की काय, अशीही शंका म्हणे घेतली गेली. खरे कारण पाण्यात होते. दुपारच्या उन्हाने पृष्ठभागालगतचे पाणी तापे. वर वेग जास्त, खाली कमी. म्हणून ध्वनीचे किरण सरळ न जाता खाली, थंड पाण्याकडे वाकत. थोड्या अंतरापलीकडे पृष्ठभागाजवळ ध्वनीची जणू सावली पडे आणि पाणबुडी त्या सावलीत लपून राही. टाचण्या लावून तुम्ही जे पाहता, तेच हे! फरक एवढाच की येथे काचेची कड नाही. माध्यम हळूहळू बदलते आणि किरण हळूहळू वळतो.

खोलीनुसार तापमान टिपणारा बॅथिथर्मोग्राफ अॅथेल्स्टन स्पिलहाउस यांनी त्याच सुमारास तयार केला. दुसऱ्या महायुद्धात तो जहाजाजहाजावर गेला आणि पाण्याचे तापमान ही युद्धातली गुप्त माहिती होऊन बसली. नौदलात हवामान आणि सागरविज्ञान ही दोन शास्त्रे हातात हात घालून का चालतात, ते ह्यावरून ध्यानात येईल. विमानवाहू जहाजावर विमान उतरविण्यासाठी वरचा वारा जाणावा लागतो, तर पाणबुडी शोधण्यासाठी खालचे पाणी. भारतीय नौदलाची ह्या दोन्ही विषयांची शाळा कोची येथे आहे. नौदलातील ह्या शाखांत शिरण्यासाठी भौतिकशास्त्र आणि गणित यांची बैठक लागते. वय आणि गुण यांच्या अटी बदलत असतात. त्या जाहिरातीतच पाहाव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आपल्या माणसांची उदाहरणे नाहीत असेही नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. सतीश शेट्ये यांनी भारताच्या किनाऱ्यालगतच्या, ऋतूनुसार दिशा पालटणाऱ्या प्रवाहांचा अभ्यास केला. पण मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने मला वाटते आधी डॉ. सुलोचना गाडगीळ यांचे काम वाचावे. १९४४ साली पुण्यात जन्मलेल्या ह्या विदुषीने हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. १९७० मध्ये मिळविली आणि परत येऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनचा पाठपुरावा केला. १९८० मध्ये डी. आर. सिक्का यांच्यासह त्यांनी उपग्रहांची रोजची चित्रे तपासून दाखविले की विषुववृत्ताजवळच्या समुद्रावरील ढगांचा पट्टा पावसाळ्यात पुन्हा पुन्हा उत्तरेकडे सरकून भूमीवर येतो. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २८ अंशांच्या वर गेले म्हणजे मोठे ढग जमण्याचा संभव खूप वाढतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये मांडले. संभव वाढतो, खात्री होत नाही. हा भेद त्यांनी काटेकोरपणे पाळला. पुढे त्या अनंतपूर भागातल्या भुईमूग पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर बसल्या आणि पावसाच्या नोंदींवरून पेरणीची वेळ कशी ठरवावी याचा विचार केला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

संभव आणि खात्री यांतल्या ह्या भेदावरच भाकीत करणाऱ्याची सारी कारकीर्द उभी असते, असे मी मानतो. पद, गणवेश, यंत्रे पुढची. रॉबर्ट फिट्झरॉय यांचेच पाहा. डार्विनला घेऊन जगप्रवास करणाऱ्या 'बीगल' जहाजाचे हे कप्तान १८५४ पासून ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. १८५९ च्या ऑक्टोबरात 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटले आणि सुमारे साडेचारशे माणसे गेली. तारायंत्राने निरनिराळ्या बंदरांची हवा एका ठिकाणी कळली तर इशारा देता येईल, हे त्यांनी ओळखले. १८६१ मध्ये बंदरांवर वादळाच्या खुणा चढू लागल्या आणि वृत्तपत्रात रोजचा अंदाज छापून येऊ लागला. 'फोरकास्ट' हा शब्द ह्या अर्थाने त्यांनीच रूढ केला. हे भविष्यकथन नव्हे, हेही त्यांनी बजावले. पण अंदाज चुकला की हसणारे पुष्कळ. १८६५ मध्ये फिट्झरॉय यांचा अंत फार दुःखद झाला, आणि पुढच्या वर्षी विद्वानांच्या समितीने अंदाज आणि इशारे दोन्ही बंद करविले. तक्रार कोणी केली? दर्यावर्दी लोकांनी. त्यांच्या आग्रहामुळे १८६७ मध्ये वादळाचे इशारे पुन्हा सुरू झाले. समितीला अंदाजातल्या चुका दिसल्या, समुद्रावर जाणाऱ्याला त्यातला उपयोग दिसला. मी समितीच्या बाजूचा नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९४४ च्या डिसेंबरात फिलिपिन्सच्या पूर्वेला अॅडमिरल हॉल्सी यांचे अमेरिकी आरमार एका टायफूनमध्ये सापडले. तीन विनाशिका बुडाल्या, सुमारे ७९० नाविक मृत्युमुखी पडले. आरमारावर हवामान-अधिकारी होता आणि तो शिकलेला होता. हवा बिघडते आहे हेही कळत होते. पण वादळाचे केंद्र कोठे आहे आणि ते किती जोरदार आहे, याचा अंदाज चुकला. त्या विशाल सागरावर निरीक्षणे देणारी ठिकाणे फार थोडी होती. अशा वेळी नकाशावर एक बिंदू काढून 'केंद्र येथे आहे' म्हणण्यापेक्षा एक मोठे वर्तुळ काढून 'केंद्र ह्यात कोठेही असू शकेल' असे सेनापतीला सांगणे अवघड असते. सेनापतीला बिंदू हवा असतो.

आणि बिंदू बरोबर आला तरी काम संपत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाचे इशारे अगोदर काही दिवस मिळत होते. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात उभा असलेला पी-३०५ हा बार्ज २६१ माणसांसह वादळात सापडला आणि १७ मे रोजी बुडाला. 'कोची' आणि 'कोलकाता' ह्या युद्धनौकांवरच्या नौसैनिकांनी खवळलेल्या समुद्रातून पावणेदोनशेंहून अधिक माणसे वाचविली. बार्जवरच्या सत्तरांहून अधिक माणसांचा मृत्यू झाला. याउलट ओडिशात १९९९ च्या महावादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले होते, तर २०१३ च्या फायलीन वादळात अगोदर सुमारे दहा लाख लोकांना हलविल्यामुळे बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. त्या काळात हवामान खात्याचे चक्रीवादळ-अंदाजाचे काम पाहणारे डॉ. मृत्युंजय महापात्र ओडिशाचेच, आणि मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. अंदाज अचूक असणे निराळे आणि तो जिल्हाधिकाऱ्यापासून कोळ्यापर्यंत प्रत्येकाला कळेल अशा शब्दांत सांगणे निराळे. हे दुसरे काम आपल्या विज्ञान-शिक्षणात कोठे शिकविले जाते? शिक्षक मित्रांनी रागावू नये, पण आपण हवामानाचा धडा वाचून दाखवितो, व्याख्या पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. एकही विद्यार्थी स्वतः अंदाज करून तो चुकल्याचे लिहून ठेवीत नाही.

तेव्हा एक प्रयोग सुचवितो. त्याला समुद्र लागत नाही, खर्चही नाही. शाळेच्या मोकळ्या आवारात पर्जन्यमापक असेल तर उत्तम. नसेल तर सरळ उभ्या कडांचे डबे आणि मोजपट्टी पुरे. एक जूनपासून रोज संध्याकाळी वहीत लिहा : उद्या पाऊस पडण्याचा संभव शेकडा किती? शून्य, वीस, पन्नास, ऐंशी, जे वाटेल ते. पण खाडाखोड नको. दुसऱ्या दिवशी समोर लिहा : पडला की नाही, किती मिलिमीटर. शेजारी एका आळशी मित्राचा रकाना ठेवा. तो रोज एवढेच म्हणतो, 'आज जे झाले तेच उद्या होईल.' मार्च महिन्यात अणदूरला हा आळशी मित्र जवळजवळ कधीच चुकणार नाही, म्हणून तो हुशार ठरत नाही. त्याची परीक्षा जून आणि सप्टेंबर ह्या उलथापालथीच्या महिन्यांत घ्यायची.

सप्टेंबरअखेर हिशेब करा. ज्या ज्या दिवशी तुम्ही 'शेकडा ऐंशी' लिहिले होते, त्यांपैकी दहांत साधारण आठ दिवस पाऊस पडला काय? दहाही दिवस पडला असेल तर तुम्ही भीत भीत लिहीत होता. पाचच दिवस पडला असेल तर फुशारकी मारीत होता. आळशी मित्राच्या तुलनेत तुम्ही किती पुढे आहात, तेही मोजा. जुलैत मात्र एक अडचण येईल. रात्री बारापूर्वी पडलेला पाऊस कोणत्या दिवसाचा धरायचा? हवामान खाते सकाळी साडेआठला पाऊस मोजते आणि तेथून पुढचे चोवीस तास नवा दिवस धरते. तुम्हीही तीच वेळ पाळा, म्हणजे तुमची वही त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल.