कोंबडीचं जीएए आपल्याला कशाला?

राहुरीला कृषी विद्यापीठ असल्याने पशुखाद्याच्या गोष्टी इथे चहाच्या टपरीवरही निघतात. त्यामुळे 'कोंबडी ज्याने भरते, ते माणसाला का नको?' हा प्रश्न मला नवा नाही. मुद्दा आहे ग्वानिडिनोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा, म्हणजे जीएएचा.

ब्रॉयलरला मका-सोयाबीनचं खाद्य मिळतं. त्यात क्रिएटिन नसतं. ते मांस-मासळीत असतं, दुधात किंचित. म्हणून खाद्यात किलोमागे साधारण 600 मिलीग्रॅम जीएए मिसळतात. कोंबडीचं यकृत त्याचं क्रिएटिन करतं. शाकाहारी माणसाचीही गत तीच, असं तुम्ही म्हणाल. अर्धं बरोबर!

आपली किडनी जीएए बनवते आणि यकृत त्याचं क्रिएटिन करतं. या कामात होमोसिस्टीन तयार होतं. ते निस्तरायला बी-12 आणि फोलेट लागतं, आणि शाकाहारी मंडळींत बी-12 अनेकदा कमी असतं. वाढलेलं होमोसिस्टीन रक्तवाहिन्यांसाठी चांगलं लक्षण नाही. शिवाय क्रिएटिन पुरेसं झालं की शरीर जीएए बनवणं आपोआप कमी करतं. वरून जीएए घेतलं की हा ब्रेकच चुकतो. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवडे जगतो, तुम्हाला पुढं पन्नास वर्षं काढायची आहेत.

म्हणून भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनो, काही घ्यायचंच असेल तर साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या, रोज 3 ते 5 ग्रॅम. तेही किडनी निरोगी असेल तरच. डब्यावर जीएएचं लांबलचक नाव दिसलं तर डबा परत ठेवा. आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासताना पावडर चालू असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो. तेवढ्यावरून किडनी बिघडली असं होत नाही.