क्षणिक चल आणि सत्रातील चल

महाजालावरील पृष्ठ पुष्कळदा आधीपासून तयार नसते. सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकात त्याचा केवळ साचा असतो. वाचकाची मागणी येताच साच्यातील मोकळ्या जागा भरून पृष्ठ धाडले जाते. भरावयाचा मजकूर नाव दिलेल्या ज्या कप्प्यांत ठेवतात, त्यांस चल म्हणतात. क्षणिक चल पृष्ठ तयार होताच नाहीसे होते. सत्रातील चल मात्र वाचक एका पृष्ठावरून दुसऱ्यावर गेला तरी टिकून राहते.

या दुसऱ्या प्रकाराची गरज का पडली, हे सहज समजण्याजोगे आहे. ज्या एचटीटीपी नियमांनी पृष्ठांची देवघेव चालते, त्यांत पूर्वीच्या मागणीचे स्मरण ठेवण्याची सोय नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये लू मॉन्टुली यांनी नेटस्केप ब्राउझरसाठी कुकीची योजना केली. सत्राच्या कुकीत बहुधा केवळ एक ओळखक्रमांक असतो; त्या क्रमांकाखालील माहिती सर्व्हर जतन करतो. परवलीचा शब्द देऊन आत आलेली व्यक्ती कोण, हे अशा रीतीने स्मरणात ठेवणे योग्यच होय.

परंतु सोय वाटली म्हणून प्रत्येक गोष्ट सत्रात टाकणे, ही सवय घातक आहे. समजा, एका वाचकाने एकाच ब्राउझरच्या दोन खिडक्यांत दोन आगगाड्या पाहिल्या. दोन्ही खिडक्यांचे सत्र एकच. ‘निवडलेली गाडी’ हे चल सत्रात असेल, तर दुसरी गाडी पहिलीची जागा घेते, आणि पहिल्या खिडकीत पैसे भरणाऱ्याच्या हाती भलत्याच गाडीचे तिकीट पडते. सार्वजनिक ग्रंथालयात धोका याहून मोठा. पीएचपी भाषेच्या मूळ मांडणीत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे, न वापरलेली सत्रमाहिती टाकाऊ ठरते. आधीचा वाचक सत्र न संपविता उठून गेला असेल, तर तेवढ्या अवधीत त्याने भरलेला अर्ज पुढच्याच्या नजरेस पडू शकतो.

सत्रात ठेवल्याने तीच माहिती पुन्हा मागवावी लागत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो खोटा नाही. पण वाचविलेल्या क्षणापेक्षा चुकलेल्या तिकिटाची किंमत अधिक असते. शिवाय, निवडलेल्या गाडीचा क्रमांक त्या त्या पृष्ठाच्या अर्जासोबतच पाठविता येतो.

म्हणून चल मुळात क्षणिकच मानावे. त्यास दीर्घायुष्य देण्यापूर्वी रचनाकाराने विचारावे: पुढील प्रत्येक पृष्ठास आणि प्रत्येक खिडकीस याची खरोखर गरज आहे काय? नसेल, तर ते पृष्ठासोबतच संपू द्यावे.