तत्त्वनिष्ठा हवी, पंथाभिमान नको

संगणकाची आज्ञावली कोणाच्या मालकीची असावी, हा प्रश्न वरकरणी मूठभर तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु ज्या देशात बँकेतील खाते, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, शिधापत्रिकेवरील धान्य आणि मजुराची हजेरीसुद्धा आज्ञावलीच्या हवाली झाली आहे, त्या देशात हा प्रश्न कोट्यवधी श्रमिकांच्या रोजच्या जीवनाचा आहे. यंत्र कोणाचे, या जुन्या प्रश्नाचेच हे नवे रूप होय. या प्रश्नावर गेली चार दशके जगभरच्या तंत्रज्ञांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवली आहे. तिचे यश थोर आहे. पण त्या यशाबरोबरच तिच्यात अभिनिवेश, पंथाभिमान आणि परस्परांविषयीची तुच्छता यांचे रानही माजले आहे. या कट्टरतेचा फायदा कोणाला होतो, आणि कट्टरतेच्या नावाखाली तत्त्वनिष्ठेलाच बदनाम कोण करतो, हे दोन्ही प्रश्न आपण नीट समजून घेतले पाहिजेत.

आरंभीच्या काळात आज्ञावली लिहिणारे लोक आपली मूळ संहिता एकमेकांना सहज देत असत. एकाने लिहावे, दुसऱ्याने सुधारावे, तिसऱ्याने वापरावे, अशी ती रीत होती. आज्ञावली हा स्वतंत्र विक्रीचा माल झाला, तेव्हा कंपन्यांनी मूळ संहिता कुलुपात घातली. सहकार्य हा गुन्हा ठरला. या कुंपणबंदीविरुद्ध अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ या मुक्त संगणकप्रणालीची घोषणा केली. १९८५ मध्ये त्यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना प्रसिद्ध केला. आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवावी, तिचा अभ्यास करून ती बदलावी, इतरांना द्यावी, आणि सुधारलेली आवृत्तीही वाटावी, असे चार हक्क हा परवाना देतो. मात्र जो ती पुढे वाटेल त्याने घेणाऱ्यालाही हेच हक्क दिले पाहिजेत, अशी त्याची अट आहे. खासगी मालकीच्या रक्षणासाठी रचलेल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यालाच सामाईक मालकीचा पहारेकरी बनवण्याची ही युक्ती होती.

१९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा लिहून सर्वांपुढे ठेवला, आणि पुढच्या वर्षी तो याच परवान्याखाली आणला. ग्नूची साधने आणि लिनक्सचा गाभा मिळून एक पूर्ण मुक्त प्रणाली उभी राहिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या जगातील ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र लिनक्सवर चालत होते. आपल्या देशातील बहुसंख्य भ्रमणध्वनी ज्या अँड्रॉइडवर चालतात, त्याचाही गाभा लिनक्सच आहे. हजारो लोकांनी देशांच्या सीमा ओलांडून, मालकाच्या हुकुमाशिवाय, एकत्र येऊन केलेली ही निर्मिती आहे. नफ्याचे आमिष नसेल तर माणूस काही निर्माण करीत नाही, असे सांगणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर सापडणे कठीण.

पण ही सामूहिक निर्मिती भांडणाशिवाय झालेली नाही. लिनक्स जन्मून सहा महिनेही झाले नव्हते, तोच जानेवारी १९९२ मध्ये अँड्र्यू टॅननबॉम या नामवंत प्राध्यापकाने त्याची रचनाच कालबाह्य असल्याचे जाहीर केले आणि तरुण टोरवाल्ड्सने तितक्याच तिखटपणे उत्तर दिले. प्रणालीला ‘लिनक्स’ म्हणावे की ‘ग्नू-लिनक्स’, यावर वर्षानुवर्षे वाद झडले. मजकूर लिहिण्यासाठी ‘व्हीआय’ हे साधन बरे की ‘ईमॅक्स’, याचा वाद तर धर्मयुद्ध याच नावाने ओळखला जातो. या साऱ्या वादांना एकाच मापाने मोजणे ही पहिली चूक होय. कोणते साधन हाताला बरे वाटते, हा सवयीचा प्रश्न आहे. साधनावर हक्क कोणाचा, हा सत्तेचा प्रश्न आहे. पहिल्यावर रक्त आटवणे हास्यास्पद आहे, तर दुसऱ्यावर गप्प बसणे घातक आहे.

‘कट्टर’ हा शब्द अनेकदा याच दुसऱ्या प्रश्नाला बगल देण्यासाठी वापरला गेला आहे. याची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. १९९६ मध्ये ‘केडीई’ हे लिनक्ससाठीचे सुबक दर्शनी रूप तयार होऊ लागले, पण ते ‘क्यूटी’ या ज्या पायावर उभे होते त्याचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता. ज्यांनी आक्षेप घेतला त्यांना हटवादी ठरवण्यात आले. त्यांनी केवळ निषेध करून न थांबता १९९७ मध्ये ‘ग्नोम’ हा पूर्णतः मुक्त पर्याय उभा करण्यास सुरुवात केली. या दबावाचा परिणाम असा झाला, की सप्टेंबर २००० मध्ये क्यूटीच्या मालक कंपनीने ते जनरल पब्लिक लायसन्सखाली खुले केले. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. २००२ मध्ये लिनक्सच्या गाभ्याचे काम ‘बिटकीपर’ या खासगी मालकीच्या साधनावर नेण्यात आले. ते फुकट मिळत होते, म्हणून सोयीचे वाटत होते. परक्याच्या मेहेरबानीवर घर बांधू नका, असे बजावणाऱ्यांची व्यवहारशून्य म्हणून टर उडवली गेली. एप्रिल २००५ मध्ये मालकाने ती मेहेरबानी काढून घेतली आणि जगातील सर्वांत मोठ्या मुक्त प्रकल्पापुढे पेच उभा राहिला. त्या पेचातून टोरवाल्ड्सने ‘गिट’ हे मुक्त साधन लिहिले, आणि आज जगभरचे आज्ञावलीकार तेच वापरतात. फुकट आणि मुक्त यांतील अंतर हटवाद्यांना २००२ मध्ये दिसले होते. व्यवहारवाद्यांना ते कळायला तीन वर्षे लागली.

चळवळीतील संधिसाधू विचलनाचे मूळ इथेच आहे. १९९८ च्या फेब्रुवारीत काही मंडळींनी ‘मुक्त सॉफ्टवेअर’ऐवजी ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आणले. स्वातंत्र्याची भाषा उद्योगपतींना बिचकवते. त्यांना केवळ कार्यक्षमतेची भाषा सांगावी, असा त्यामागचा उघड हिशेब होता. या नावाने चळवळीचा प्रसार झपाट्याने झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मालकीचा प्रश्न मागे पडला, हेही तितकेच खरे. मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखाने २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये मुक्त आज्ञावलींचे सर्वांत मोठे भांडार असलेली ‘गिटहब’ ही कंपनी साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतली. २०१९ मध्ये आयबीएमने ‘रेड हॅट’साठी सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजले. सामाईक कुरणाला आग लावता येत नाही असे दिसताच मक्तेदारांनी त्याच्या वाटेवर नाका उभारला. संहिता मुक्त राहिली. पण ती ज्या यंत्रांवर चालते ती यंत्रे आणि त्यांतून जमणारी माहिती मूठभर कंपन्यांच्या हाती गेली.

या संधिसाधूपणाला उत्तर म्हणून जी कट्टरता उभी राहते, ती मात्र बहुधा चुकीच्या शत्रूवर तुटून पडते. २०१४ मध्ये डेबियन या जुन्या व प्रतिष्ठित प्रकल्पात, संगणक सुरू होताना प्रथम कोणती आज्ञावली चालावी, यावरून फूट पडली. ‘सिस्टिमडी’ स्वीकारण्याचा निर्णय तांत्रिक समितीत अटीतटीच्या मतदानानंतर झाला. त्यानंतरच्या वादंगात जुने, कष्टाळू कार्यकर्ते थकून बाजूला झाले आणि विरोधकांनी ‘देवुआन’ नावाची वेगळी चूल मांडली. वेगळे होण्याचा हक्क मुक्त परवाना देतोच, आणि रचनेविषयीचे आक्षेपही सारेच पोकळ नव्हते. परंतु आपल्याला ठार मारण्यासाठी मारेकरी नेमायला वर्गणी गोळा करण्याची भाषा झाली, असे त्या आज्ञावलीच्या प्रमुख रचनाकाराला त्याच वर्षी जाहीरपणे लिहावे लागले. दोन्ही आज्ञावली मुक्त, दोन्ही बाजूंचे लोक मुक्त सॉफ्टवेअरचे, आणि वाद मात्र वैऱ्यांमधला! खुद्द टोरवाल्ड्सने वर्षानुवर्षे सहकाऱ्यांना जाहीर शिवीगाळ केली आणि तिला गुणवत्तेचा आग्रह समजण्याची प्रथा पडली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ काम थांबवले आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. दर्जा टिकवण्यासाठी माणसाचा अपमान करावा लागत नाही, हे कबूल करायला सत्तावीस वर्षे लागली.

ही वृत्ती केवळ स्वभावदोषातून येत नाही. तिला भौतिक पाया आहे. आज्ञावलीकार हा कुशल कारागीर आहे. एकट्याने खोलीत बसून काम करणारा, आपल्या हत्यारावर जीव जडलेला. ज्या कामाला मोल मिळत नाही, त्या कामात नाव आणि मान हेच वेतन बनते. मग मतभेद हा कामाचा भाग न राहता प्रतिष्ठेवरचा घाला वाटू लागतो. संघटित कामगाराला शेजारच्याबरोबर उभे राहण्याची जी शिस्त कारखाना शिकवतो, ती या विखुरलेल्या कारागिराला सहज लाभत नाही. म्हणून त्याला उपदेश करून भागणार नाही. त्याच्या श्रमाचा प्रश्न हाती घेतला पाहिजे.

तो न घेतल्याची किंमत काय असते, हे जगाने दोनदा पाहिले. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. जगभरचे गुप्त व्यवहार जिच्या भरवशावर चालत होते, तिच्या संस्थेला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती. दुसरी घटना २०२४ मधली. ‘एक्सझेड’ हे माहिती संक्षिप्त करणारे छोटे साधन बहुतेक सर्व लिनक्स प्रणालींत असते. त्याची देखभाल एकच माणूस, विनावेतन, मानसिक आजाराशी झगडत करीत होता. २०२२ मध्ये टोपणनावाच्या काही जणांनी त्याच्यावर दबाव सुरू केला: कामाला उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. ही तक्रारदार मंडळी बनावट होती, असा तज्ज्ञांचा दाट संशय आहे. थकलेल्या त्या माणसाने मदतीस तत्पर असलेल्या एका टोपणनावी सहकाऱ्याला अधिकार दिले, आणि त्याने दोन वर्षांनी त्या आज्ञावलीत चोरदरवाजा बसवला. आपल्या यंत्रावरील एका कामाला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा चिकाटीने शोध घेणाऱ्या अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने २९ मार्च २०२४ रोजी तो उघड केला, म्हणून मोठा अनर्थ टळला.

या घटनेतील खरा धडा संहितेत नाही. तो त्या पत्रांच्या सुरात आहे. विनावेतन राबणाऱ्या माणसाला उर्मटपणे जाब विचारणे या संस्कृतीत इतके नेहमीचे झाले होते, की शत्रूने तोच सूर लावला तेव्हा कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. कट्टरतेने तटबंदी मजबूत केली नव्हती. शत्रूला वेश पुरवला होता.

आपल्या देशातील अनुभव वेगळी दिशा दाखवतो. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने आज्ञावलींवर पेटंट देण्याचे दार किलकिले केले होते. डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे २००५ च्या पेटंट दुरुस्ती कायद्यातून ती तरतूद वगळण्यात आली. त्या लढ्यात मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते होते, आणि स्वस्त औषधांसाठी झगडणाऱ्या संघटनाही होत्या. तुम्ही कोणते साधन वापरता, असे तेव्हा कोणी कोणाला विचारले नाही. केरळमध्ये सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर आले, ते हजारो शिक्षकांना धीराने शिकवून, मल्याळी भाषेत साधने तयार करून. खासगी आज्ञावली वापरणाऱ्या शिक्षकाला अपराधी ठरवून नव्हे. मराठीपुरते बोलायचे तर ‘लोहित’सारखे देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले, म्हणून आपली लिपी कोणाही मालकाची परवानगी न घेता पडद्यावर उमटू शकते. हे काम करणाऱ्यांची नावे कोणत्याही धर्मयुद्धात गाजलेली नाहीत.

यावरून आपली भूमिका स्पष्ट होते. मालकीच्या प्रश्नावर तडजोड नाही: जनतेच्या पैशाने लिहिलेली आज्ञावली जनतेला खुली असलीच पाहिजे, आणि ज्या आज्ञावलीने मजुराची हजेरी वा धान्य नाकारले जाते ती तपासण्याचा हक्क त्याच्या संघटनेला मिळालाच पाहिजे. मुक्त आज्ञावलींची देखभाल करणाऱ्यांना सार्वजनिक निधीतून वेतन मिळावे, ही मागणीही आपली असली पाहिजे. मात्र साधनाच्या निवडीवर, नावावर, सवयीवर लवचीकपणा हवा. युनियनच्या कचेरीत खासगी आज्ञावलीवर पत्रक टंकणारा कार्यकर्ता हा शत्रू नाही. त्याला दुसरा मार्ग शिकवायला आपण अजून वेळ काढलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा उपदेश इतरांना करताना आपण स्वतःकडेही पाहावे. लेनिनने १९२० मध्ये ज्याला डावा बालरोग म्हटले, तो आपल्या चळवळीला अपरिचित नाही. शब्दावरून फुटणारे गट, जवळच्या सोबत्यावर परक्याहून अधिक राग, नव्याने आलेल्याला त्याच्या अज्ञानाबद्दल दिलेली शिक्षा, यांची किंमत आपणही मोजली आहे. म्हणूनच मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांशी आपण न्यायाधीश म्हणून नव्हे, तर ठेच खाल्लेला सोबती म्हणून बोलावे. तत्त्व सोडले तर कुरण हातचे जाईल. पंथाभिमान सोडला नाही तर कुरणात कोणी उरणारच नाही.