रुग्णालयातील संसर्ग : दोष कोणाचा?

रुग्ण एका आजारासाठी रुग्णालयात दाखल होतो आणि दुसराच आजार घेऊन घरी परततो, हा अनुभव गरीब कुटुंबांना नवा नाही. रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गांत मूत्रमार्गाच्या संसर्गाचा क्रम बराच वरचा आहे. आणि त्यास कारणीभूत होणारे ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारखे जंतू आता नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत.

या धोक्याची कारणे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत. वार्धक्य, मधुमेह, मूत्रमार्गातील अडथळा ही रुग्णाबरोबर येणारी कारणे. दीर्घकाळ ठेवलेली लघवीची नळी, लांबलेला मुक्काम आणि प्रतिजैविकांचा पूर्वीचा मारा ही मात्र उपचारांच्या ओघात निर्माण होणारी. नळी आत असेल त्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याचा धोका साधारणतः ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो. तेव्हा अनावश्यक नळी वेळेवर काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय. मग ती का काढली जात नाही?

याचे उत्तर पुष्कळ अंशी अर्थशास्त्रात आहे. रुग्णाला आधार देऊन शौचालयापर्यंत नेण्यास माणूस लागतो. एकच परिचारिका सबंध वॉर्ड सांभाळते, तेथे नळीच मनुष्यबळाची जागा घेते. जेथे लघवीच्या कल्चर तपासणीची सोय नाही, तेथे डॉक्टरांना अंदाजाने जबर प्रतिजैविक द्यावे लागते आणि प्रतिकारक्षम जंतूंना रान मोकळे मिळते. पगारात वाचविलेला पैसा पुढे महागड्या इंजेक्शनांच्या रूपाने रुग्णाकडूनच वसूल होतो. खर्च वाचत नाही. तो अंदाजपत्रकातून उचलून गरिबाच्या माथी मारला जातो.

२०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीवर 'एच-१' अनुसूचीचे निर्बंध आहेत. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडाही आला. त्याच वर्षीच्या आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. पैशाविना आराखडा म्हणजे कागदी घोडे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयात तीन प्रश्न धसास लावावेत. परिचारिकांची किती पदे रिक्त आहेत? कल्चर तपासणी तेथेच आणि मोफत होते काय? प्रत्येक नळीची गरज रोज तपासून तशी नोंद होते काय? मधुमेही वृद्धेचे वय कोणी कमी करू शकत नाही. तिची नळी वेळेवर काढणारे हात मात्र समाजाला पुरविता येतात. ते न पुरविणे हा निर्णय आहे, आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे.