मामाच्या गाडीतील पिशवी

स्वहस्ते केलेली भेट विकतच्या भेटीहून श्रेष्ठ, असे आपण नेहमी ऐकतो. मला हे मत अर्धेच पटते. हातची वस्तू घेणाऱ्याच्या उपयोगी पडत नसेल, तर ती भेट नव्हे, गळ्यातले लोढणे होय. बिचाऱ्याला ती वापरवत नाही आणि टाकवतही नाही!

माझ्या पुतणीचे मामा कराडला राहतात. कामानिमित्त ते कुंभार्ली घाटातून आपल्या मोटारीने चिपळूणला वारंवार जातात. त्यांच्या वाढदिवसाला मोटारीच्या आसनांसाठी खोळी शिवून द्यायच्या, असे तिने ठरविले. मी तिला थांबविले. कित्येक गाड्यांत आसनाच्या कडेला हवेची पिशवी दडविलेली असते. अपघाताच्या क्षणी ती आसनाची शिवण फाडून फुगते आणि माणसाच्या बरगड्या वाचविते. वरून जाड, घट्ट खोळ चढविली की तिची वाट अडते. प्रेमाने शिवलेल्या कापडानेच प्रिय माणसाला अपाय व्हावा, हे केवढे विपरीत!

"मग काका, मी काय शिवू?" ती हिरमुसून म्हणाली.

"मामांना गाडीत कशाची अडचण पडते, ते आधी आठव," मी म्हणालो.

ती विचारात पडली. मामांना प्रवासात भुईमुगाच्या शेंगा खाण्याची सवय. टरफले पायांशी साचत आणि केळ्याची साल खिडकीबाहेर जाई. घाटात असे खाद्य रस्त्यावर पडले की माकडे त्यासाठी धावून येतात आणि वाहनांखाली सापडतात. गाडीत कचऱ्याची एक पिशवी असती, तर हे सारे टळले असते. खरी भेट तिला तेथे सापडली.

वडिलांच्या जुन्या जाड विजारीचे कापड तिने घेतले. आतून रेक्झिनचे अस्तर लावले, म्हणजे ओल्या सालीचे पाणी झिरपू नये. पुढच्या डाव्या आसनाच्या पाठीमागे पिशवी टांगायची होती. ती चालकाच्या पायांत येता कामा नये, म्हणून तिने आईकरवी डोके टेकण्याच्या उशीखालील दांड्यांचे माप मागविले. कोणाला सुगावा लागू न देता माप मिळविणे, हे शिवण्याहून कठीण!

तिने प्रथम नुसता धावदोरा घातला. परीक्षा म्हणून पिशवीत चार पेरू टाकले, तोच तळ उसवला. ती रडकुंडीला आली. "असू दे, मामा काही बोलणार नाहीत," असे घरातील एकाने म्हटले. मला ते मुळीच आवडले नाही. मामा बोलणार नाहीत, म्हणूनच तर टाका पक्का हवा. तिने सारी शिवण उसवली आणि सुई दर वेळी थोडी मागे नेऊन पुढे काढीत उलट टीप घातली. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. धाकट्या भावाने बंदाला बटणे लावली. शिवणकाम मुलींचेच, असे मानणाऱ्यांनी एकदा शिंप्याच्या दुकानात डोकावून यावे.

अशी पिशवी बाजारात थोड्या पैशांत मिळते, हे मला ठाऊक आहे. तिची शिवण कदाचित अधिक सरळही असेल. पण ती शिवणाऱ्याला मामांच्या शेंगा ठाऊक नसतात. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा घरोघरी जुन्या कापडांच्या पिशव्या शिवल्या गेल्या. ज्या गरजेपुरत्या आणि मजबूत होत्या, त्याच टिकल्या.

मागच्या महिन्यात मी मामांच्या गाडीतून कुंभार्ली घाट उतरलो. पिशवीचा रंग उन्हाने विटला होता, एक बटण बदललेले दिसत होते. मी केळे सोलले आणि सवयीने खिडकीची काच खाली करू लागलो. मामांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता अंगठ्याने मागे खूण केली.